नावं पुसायचा रविवार

अनसूयानं सोळा नंबरची नोंद उघडली, शेजारच्या वहीत 'पुरुष, एकतीस, तासगाव' एवढंच लिहिलं आणि बटण दाबून पुढं गेली. नाव वाचायचं नाही, असं तिनं सकाळी खुर्चीत बसतानाच ठरवलं होतं. पण नाव असायचं नेमकं पहिल्या ओळीत, आणि जिची चौदा वर्षं लॅबच्या खिडकीत बसून लोकांची नावं लिहून घेण्यात गेली तिनं नाव सोडून बाकीचं वाचावं, हे बोलायलाच सोपं होतं. शेवटी तिनं एका जुन्या पाकिटाची पट्टी फाडली आणि पडद्याच्या वरच्या कडेला डिंकानं चिकटवली. पट्टी दोन-तीन माणसं झाकायची आणि मग हळूच निसटून खाली पडायची. ती पुन्हा चिकटवायची.

रविवार होता, लॅब बंद होती. डॉक्टर आगाशे मेहुण्याच्या मुलाच्या मुंजीला साताऱ्याला गेले होते. हा लॅपटॉप त्यांच्या धाकट्या भावानं चार वर्षांपूर्वी अमेरिकेहून आणला, तेव्हा अर्धं विश्रामबाग तो बघायला येऊन गेलं होतं. आता खिडकीशेजारी टेबलभर जागा अडवणारा नवा कॉम्प्युटर आला होता आणि लॅपटॉप कोरेगावच्या अनीश शहाणेला विकायचा ठरला होता. अनीश तिकडं कॉम्प्युटरचे क्लास चालवायचा. तीन वाजता तो न्यायला येणार होता.

"बाकी काय राहिलं तरी चालेल, अनसूयाबाई," डॉक्टर शनिवारी निघताना म्हणाले होते, "पण ती यादी राहता कामा नये."

ती यादी म्हणजे एकसष्ट माणसं. गेल्या चार वर्षांत ज्यांच्या रक्तात एड्सचे जंतू सापडले होते ती. यादी डॉक्टर स्वतःच भरायचे. तिला त्यांनी कुलूप घातलं होतं आणि कुलपाचा शब्द कुणालाच सांगितला नव्हता. शनिवारी तो चिठ्ठीवर लिहून त्यांनी अनसूयाच्या हातात दिला. त्यांच्या आईचं माहेरचं नाव होतं. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला वय, पुरुष की बाई आणि तालुका एवढंच कळवायचं होतं. तेवढं वहीत उतरवायचं आणि मग सगळी डिस्क धुऊन काढायची, अशी आज्ञा होती. नव्या कॉम्प्युटरवर ही नावं चढवायचीच नाहीत, असंही डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं.

"नावं बाळगून उपयोग काय? निम्मी खोटी, आणि खरी आहेत ती जास्त जड," ते म्हणाले होते.

"बाई, पाय वर घ्या जरा."

भामाबाई ओलं फडकं घेऊन टेबलाखाली शिरली होती. लॅबची झाडलोट तिच्याकडं होती आणि रविवारी फिनेल टाकून सगळी फरशी धुवायची हा तिचा नेम होता. अनसूयानं पाय खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले.

"लय येळ बसलाय त्या डब्याम्होरं. डोळं जात्याल."

"आजचाच दिवस. तीन वाजता न्यायला येणार आहेत त्याला."

"ह्यो जानार व्हय?" भामाबाई टेबलाखालून बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून लॅपटॉपकडं बघत राहिली. "चार वर्सं पुसला ह्येला. एक वरखडा पडू दिला न्हाई. आन आता नटून-थटून चालला दुसऱ्याच्या घरला."

स्वारी आज खुशीत होती, आणि खुशीचं कारण अख्ख्या लॅबला पाठ होतं. दहा दिवसांपूर्वी तिची माया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. भामाबाई मूळची जतच्या पुढची, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या हुलगेवाडीची. नवरा वर्षाचे आठ महिने मेंढरांमागं हिंडणारा. ही सांगलीत खोली घेऊन फरश्या पुसत राहिली आणि माया हे तिचं एकुलतं एक लेकरू. सातवा महिना लागला होता.

"रातीपासनं आंबाड्याची भाजी मागतीया," ती म्हणाली. "आता ह्या दिसांत आंबाडा कुटनं आनू? पन मागतीया तर मागू दे. बेस्तरवारी तिची चोळी हाय. तुमी यायचं बगा. पयली वटी तुमी भरायची."

"मी कशी भरणार, भामाबाई?" अनसूया म्हणाली. तिच्या नवऱ्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती.

"कोन काय म्हनंल ते मी बगते. त्या टायमाला तुमी तोंड उघडलं नसतं तर माजी पोर आज कुटं आसती?"

हे ती वर्षातून चार-सहा वेळा तरी म्हणायची. अनसूया दर वेळी "जाऊ द्या हो" म्हणायची, आणि खोटं कशाला बोला, दर वेळी तिला बरंही वाटायचं. नवरा लवकर गेला, लेक श्रद्धा लग्न होऊन वाईला गेली, मागं उरली ती खिडकी. आपल्या हातून आयुष्यात एक तरी काम चोख झालं, असं ज्याच्यामुळं वाटावं ते तिच्याकडं हे एवढंच होतं.

गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, शहाण्णवच्या मार्चमधली. मायाची सुपारी फुटली म्हणून भामाबाईनं लॅबमध्ये साखर वाटली होती. मुलगा गावचाच, तेवीस वर्षांचा, नाव तानाजी कोंडीबा लवटे. भामाबाईचा धाकटा भाऊ बिराप्पा तिकडं मद्रासच्या बाजूला, सेलमला, गलाईच्या धंद्यात होता. सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देण्याचं त्याचं दुकान होतं आणि तानाजी त्याच दुकानात कामाला होता. भाचीसाठी हे स्थळ मामानंच आणलं होतं. साखर खाल्ली त्याला दोन दिवस झाले असतील. अनसूया काही कागद सहीला घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली, तर डॉक्टर हात धुवायला उठलेले आणि पडदा उघडा. नुसती नावं आणि गावं, एकाखाली एक, आणि प्रत्येकापुढं अधिकाची खूण. त्यात तानाजी कोंडीबा लवटे, हुलगेवाडी.

यादीतलं नाव बाहेर सांगणं हे लॅबमध्ये महापातक होतं, डॉक्टरांनी सगळ्यांकडून तशी शपथ घेतली होती. तिसऱ्या दिवशी तिनं भामाबाईला मोरीजवळ गाठलं.

"पोरगी तिथं देऊ नका. मला कारण विचारू नका."

भामाबाईनं तिच्याकडं पाहिलं, डॉक्टरांच्या खोलीच्या बंद दाराकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही. लॅबमध्ये फरशी पुसणाऱ्या बाईला ते विचारावं लागत नाही. लग्न मोडलं. कारण कुणी बोललं नाही आणि महिन्याभरात गावातल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत झालं. तानाजी सेलमचं काम सोडून कुठं केरळात गेला म्हणाले. तीन वर्षांत तो जत्रेलासुद्धा आला नाही.

सुपारी फुटून मोडलेली पोरगी, तिलाही कुणी विचारीना. मग दीड वर्षानं मामानंच बहिणीला निरोप पाठवला, की परक्याच्या उंबऱ्याला कशाला जाता, माझं घर रिकामं आहे. बिराप्पाची बायको मायाच्या सुपारीच्या आदल्याच साली तापानं गेली होती. भाऊबंदांना ते फार पसंत पडलं. अनसूयाला मात्र वयातल्या अंतरानं कसंसंच वाटलं होतं, तेव्हा भामाबाईनंच तिची समजूत घातली होती. "आमच्यात भाचीवर मामाचाच पयला हक आसतोय, बाई. घरची पोर घरात ऱ्हाती." सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर लग्न झालं. अनसूया मयूरीला सोबत घेऊन एस. टी. नं हुलगेवाडीला जाऊन अक्षता टाकून आली होती. लॅबमध्ये रक्त काढून घेणारी ती मयूरी.

भामाबाई बादली घेऊन आतल्या खोलीकडं गेली. अनसूयानं पट्टी परत चिकटवली. सतरा, अठरा. पुरुष, अडतीस, खानापूर. स्त्री, बावीस, मिरज. बाईची नोंद आली की तिचा हात जरा थांबायचा. पुरुषांचं एवढं वाटायचं नाही, हे तिनं स्वतःशी कबूल केलं. तिसाव्या नंबरापर्यंत येता येता साडेबारा वाजले. तिनं डब्यातली पोळी खाल्ली, हात धुतले आणि पुन्हा बसली.

सदतीस नंबरला पट्टी पडली. तिनं ती उचलली नाही, आधी वहीत लिहायला घेतलं. 'पुरुष, त्रेचाळीस, जत.' आणि मग सवयीनं नजर वर गेली.

तानाजी कोंडीबा लवटे. हुलगेवाडी.

तिनं वय पुन्हा पाहिलं. त्रेचाळीस. डॉक्टरांनी दोनाच्या जागी चार दाबला असणार, असं तिच्या मनात पहिल्यांदा आलं, आणि त्या एका चाराला ती बराच वेळ धरून बसली. मग खालची ओळ वाचली. विधुर. तेवीस वर्षांच्या, लग्न न झालेल्या पोराच्या नावापुढं विधुर.

खोटं नाव सांगणारा माणूस तिला खिडकीतून लगेच ओळखू यायचा. नाव विचारलं की तो एक क्षण थांबायचा. मग जे नाव सांगायचा ते त्याच्या अगदी जवळच्या कुणाचं तरी असायचं, कारण घाईत दुसरं सुचतं कोण? भाऊ, मेहुणा, शेजारी, दुकानातला कामगार. एका दिवशी लागोपाठ तीन दादासो आले होते, तेव्हा ती आणि मयूरी पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. सगळ्या सांगलीत ही गोष्ट कुणाला पक्की माहीत असेल तर ती तिला. आणि ज्या दिवशी ती आठवायला हवी होती त्या दिवशी तिनं नाव म्हणजे माणूस असं धरलं आणि मोरीपाशी जाऊन उभी राहिली.

त्या पोरानं हे असलं काही ऐकून घेताना काय म्हटलं असेल? कुणी त्याला काही म्हणू तरी दिलं असेल का?

पडद्यावर अजून दोन ओळी होत्या. डॉक्टर शिस्तीचे, खोट्या नावांवर तोड म्हणून ते प्रत्येकाच्या अंगावरची एक खूण लिहून ठेवायचे, म्हणजे रिपोर्ट भलत्याच्या हातात पडायला नको. बाकीच्या नोंदींत तीळ, देवीचे वण, गोंदण असलं काहीबाही होतं. इथं लिहिलं होतं: डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अर्धी.

आणि त्याखाली: रिपोर्ट नेला नाही.

दहा दिवसांपूर्वी मायाला सोडायला आलेला बिराप्पा लॅबच्या पायरीवर उभा होता. त्यानं अनसूयाला पेढ्यांचा पुडा दिला होता, डाव्या हातानं, कारण उजव्या हातात मायाची पिशवी होती. पुड्याखाली तीन बोटं होती आणि दोन नव्हती. सदरा खांद्यांवरून लोंबत होता. किती वाळलेत तुमचे बंधू, असं ती नंतर म्हणाली, तर भामाबाई म्हणाली होती, परमुलखाचं पाणी, दुसरं काय.

अनसूयानं लॅपटॉपचं झाकण अर्धं खाली केलं. मग तिला वाटलं की बंद केलं तर कदाचित सगळं परत पहिल्यापासून उघडावं लागेल, म्हणून ते वर केलं. नाव तिथंच होतं.

"भामाबाई," तिनं हाक मारली. "बिराप्पांची बोटं कशानं गेली हो?"

"मशिनीत," आतून उत्तर आलं. "चांदीची पट्टी वडायचं मशीन आसतंय तिकडं, त्यात. लय वरसं झाली, माजी माया शाळंत हुती तवा. का वो?"

"सहज."

फोन वाजला. डॉक्टर होते. मागं पंगतीचा गलका ऐकू येत होता.

"झालं का, अनसूयाबाई?"

"चोवीस राहिलेत."

"छान, छान. अनीशला थांबवून ठेवू नका, त्याला परत कोरेगाव गाठायचंय."

"डॉक्टर, एखाद्यानं रिपोर्ट नेलाच नसेल तर?"

"निम्म्यांनी नेलेला नाही. कुठं शोधत फिरणार? नाव खोटं, पत्ता खोटा. पुसून टाका."

"आणि त्याची बायको गरोदर असेल तर? मुलासाठी काही औषध असतं का?"

तिकडं गलका चालू होता.

"सांगलीत नाही. मुंबईला एखाद्या मोठ्या हॉस्पिटलात मिळत असेल तर मिळेल, ते दिलं तर मूल वाचतं कधीकधी. आईचं काही सांगता येत नाही. तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत ना, बाई?"

"नाही."

"तुमच्यावर विश्वास आहे म्हणूनच कुलपाचा शब्द दिला तुम्हाला. येतो उद्या." त्यांनी फोन ठेवला.

बहीण घरी गेलेली आणि खिडकीत मयूरी असेल अशी एखादी संध्याकाळ गाठून बिराप्पा रक्त देऊन गेला असणार, रिपोर्टाला आला नाही. बायको तापानं गेलेली, स्वतःच्या मनात काहीतरी शंका आली असणार, म्हणून इथवर आला. नंतर भीतीनं आला नाही, की काही कळलं नाही म्हणजे काही नाही असं त्यानं धरलं, ते त्याचं त्याला ठाऊक. त्यानं भाचीला मुद्दाम मारायला नेलं, असं अनसूयाला कितीही प्रयत्न करून वाटेना. वाटलं असतं तर बरं झालं असतं. मग सगळा दोष एका माणसाच्या माथी मारून तिला मोकळं होता आलं असतं. पण मायाला तानाजीच्या उंबऱ्यावरून ओढून मामाच्या घरी नेऊन सोडणारं बोट तिचं होतं, दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

ती उठली. मोरीजवळ भामाबाई फडकं पिळत होती. तीन वर्षांपूर्वी उभ्या होत्या त्याच जागी दोघी उभ्या राहिल्या होत्या.

"भामाबाई, माझी चूक झाली," ती म्हणाली. "तानाजीला काही नव्हतं."

भामाबाईनं वर पाहिलं.

"नाव त्याचं होतं, रक्त त्याचं नव्हतं. दुसऱ्याच कुणी त्याचं नाव सांगितलं होतं. इथं येतात ते सांगतात ना, तसं."

"कुनी?"

अनसूयाला ते नाव घेता येईना. तिनं आपला डावा हात पुढं केला आणि शेवटची दोन बोटं तळव्यात दुमडली.

फडक्यातलं पाणी बादलीत ठिबकत होतं. भामाबाई त्या हाताकडं बघत राहिली. तिनं फडकं बादलीच्या काठावर व्यवस्थित पसरलं आणि मगच बोलली.

"त्या डब्यात नाव कुनाचं हाय?"

"तानाजीचं."

"मग?"

"वय त्याचं नाही, भामाबाई. त्रेचाळीस लिहिलंय. विधुर लिहिलंय. बोटांचंही लिहिलंय. मी तेव्हा हे पाहिलंच नव्हतं, मला नुसतं नाव दिसलं होतं."

"तवा बी तुमीच सांगितलं," भामाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता बी तुमीच सांगताय."

भामाबाईनं बादली उचलली, तिच्या अंगाला अंग न लावता बाजूनं निघून गेली आणि पुसून झालेली खोली पुन्हा पहिल्यापासून पुसायला लागली.

"तिला तपासायला हवं," अनसूया तिच्या पाठीमागं जाऊन म्हणाली. "औषध मुंबईला मिळतं म्हणे. मी येते तुमच्याबरोबर मुंबईला. बाळासाठी तरी."

"सरका. वली हाय फरशी."

अनसूया सरकली. टेबलाशी येऊन बसली आणि उरलेली चोवीस माणसं तिनं उतरवून काढली. आता पट्टी लावायची तिला गरज वाटली नाही. नावं वाचली. सगळी वाचली, मोठ्यानं नाही, पण ओठ हलत होते. ही कुणाकुणाची नावं असतील, कुठल्या गावात कुणी धडधाकट माणूस हेच नाव घेऊन हिंडत असेल आणि त्याला मुलगी मिळत नसेल, हे तिला कळायला मार्ग नव्हता. अडीच वाजता ती शेवटच्या माणसापाशी आली. स्त्री, एकोणीस, कवठेमहांकाळ.

मग ती परत सदतीसवर गेली. हा एक कागद छापून घ्यावा आणि केरळात जिथं कुठं तानाजी असेल तिथं पाठवून द्यावा, असं तिच्या मनात आलं. पण कागदावर काय असणार? अधिकाची खूण आणि पहिल्या ओळीत त्याचंच नाव. पोराची निर्दोष बाजू सांगणारा सगळ्या जगात तो एकच पुरावा होता, आणि तो वाचणाऱ्याला आधी दोषच दिसला असता. जसा तिला दिसला होता.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आज्ञा पायरीपायरीनं लिहिल्या होत्या. तिनं एकेक अक्षर शोधून दाबलं. मशीननं विचारलं, सगळं जाईल, नक्की का? तिनं होकाराचं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर आकडे चढायला लागले, तीन टक्के, चार टक्के. आतून भामाबाईच्या फडक्याचा आवाज येत होता. नव्वदला आला तेव्हा दारावर टकटक झाली.

"नमस्कार काकू. झालं का सगळं?" अनीश पस्तिशीचा, गोरागोमटा, हेल्मेट काखेत धरलेला. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? मी नेऊन केलं असतं की तिकडं."

"डॉक्टरांनी इथंच करायला सांगितलं होतं."

"बरोबर आहे त्यांचं." त्यानं खुर्ची ओढली, दोन-चार बटणं दाबून पाहिली आणि समाधानानं मान डोलावली. "एकदम साफ. पडद्याची काच काय सुंदर ठेवलीय हो, नवी वाटते."

आतला फडक्याचा आवाज मघाशीच थांबला होता. त्यानं वायर गुंडाळली, लॅपटॉप बॅगेत घातला, चहा नको म्हणाला, दिवस मावळायच्या आत उंब्रजच्या पुढं जायचंय म्हणाला आणि गेला. मोटारसायकलचा आवाज विश्रामबागेच्या चौकापर्यंत ऐकू आला.

टेबलावर लॅपटॉपची चौकोनी जागा स्वच्छ होती, बाकी धूळ होती. अनसूया वहीवर हात ठेवून बसून राहिली. उठून आत जायचा धीर तिला होईना.

थोड्या वेळानं भामाबाईच बाहेर आली. बादली, फडकं जागच्या जागी लावून, हातपाय धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन. दारापाशी जाऊन ती थांबली. तिकडं तोंड करूनच बोलली.

"तानाजीची आय इहिरीवर भेटल्याली मला, तवा. म्हनली, माज्या पोराला दवाकान्याची पायरी ठावं न्हाई गं. मी तिची भरल्याली घागर लाथंनं पालथी केली. चार बायकांम्होरं."

अनसूया उठून उभी राहिली.

"ती बाई खाली बसून घागर चाचपत हुती, चेपली का म्हून," भामाबाई म्हणाली. "मी बगत उबी."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत गेला. मग भामाबाईनं पायांनी चपला सारख्या केल्या.

"उद्या सकाळच्याला आनते तिला," ती म्हणाली. "चोळीच्या आदी रगत तपासत्यात म्हनून सांगीन." आणि जरा थांबून तिनं विचारलं, "उपाशी आनू, का खाऊन चालंल?"

"खाऊन चालतं," अनसूया म्हणाली.

"मग आंबाडा बगते कुटं मिळतोय का." भामाबाईनं चपला पायात सरकवल्या आणि दार हळूच ओढून घेतलं.